साडेतीन हातांची जागा

शेकोटी जरा पुढे ओढा आणि ऐका. कारंज्याचा गुलाम नबी पाथरवट माझ्या उठण्याबसण्यातला. खोटं बोलायला त्याला सवडच नसते. तेव्हा ज्याला हसायचं त्याने सकाळी हसावं.

सत्तावन्न सालची मार्गशीर्ष अमावास्या. दिवेलागण झाल्यावर गुलाम नबी आणि तांड्यातलाच उदयसिंग एक घडवलेला दगड बैलगाडीत घालून मानोऱ्याजवळच्या बंजाऱ्यांच्या तांड्यातून निघाले. जायचं होतं पाऊण कोसावरच्या पडक्या हेमाडपंती देवळात. महिन्याभरापूर्वी याच दोघांनी तिथल्या भिंतीतला एक लांब दगड काढून उदयसिंगाच्या नव्या घराच्या दारावर बसवला होता. त्या देवळात चुन्याचा कण नाही. दगडाला दगडाचाच आधार, आणि सांधे असे की गवताची काडी शिरणार नाही. गुलाम नबीने तेव्हाच आपल्या बापाचा नियम सांगितला होता, की इथला एक काढला तर त्याच मापाचा एक घालायचा. उदयसिंगाला घराची घाई. घालू की नंतर, म्हणाला. गुलाम नबीनेही ताणलं नाही, आणि ते त्याला अजून खातं.

आठवडा गेला आणि उदयसिंगाच्या घरातला वरवंटा नाहीसा झाला. सापडला तो भिंतीतल्या त्या रिकाम्या जागेत. मग जात्याचा वरचा दगड. मग गोठ्यातलं वासरू, मान मुडपून आत कोंबलेलं. तेव्हा उदयसिंगाची बायको रामीबाई धावतपळत तांड्यातच मुक्कामाला असलेल्या गुलाम नबीकडे आली.

"मिस्त्री, ते देऊळ त्या जागेच्या मापाचं शोधून राह्यलं," ती म्हणाली. "आता घरात आमी दोघंच उरलो."

गुलाम नबीला माप आठवलं. काढलेला दगड साडेतीन हातांचा होता, आणि माणसाचं मापही तेवढंच. जुना दगड परत काढावा तर घराची भिंत खाली येणार. त्याने रात्रंदिवस छिन्नी चालवून नवा घडवला. तो पुरा झाला नेमका अवसेच्या संध्याकाळी, आणि रामीबाई आणखी एक रात्र थांबू देईना.

देवळाशी गाडी उभी राहिली. उदयसिंग कंदील घेऊन पुढे गेला. गुलाम नबी दगडाचे दोर सोडू लागला.

"उदयसिंग, उजेड वर धर."



बैल मागे सरले.

"उदयसिंग..."

कंदील भिंतीपाशी जमिनीवर होता. जळत होता. जवळ कोणी नाही. गुलाम नबीने तो उचलला. भिंतीकडे पाहिलं...

जागा भरलेली होती.

काळा दगड. काडी शिरणार नाही असा बसलेला. त्याने हातोडीने ठोकून पाहिलं. भरीव दगड टणकन वाजतो. हा... वाजलाच नाही.

आणि सांध्यातून उदयसिंगाच्या लाल पटक्याचं टोक बाहेर लोंबत होतं. वीतभर.

तांड्याने चार दिवस रान पालथं घातलं. त्या दगडाला पहार लावली, ती वाकली. पुढे बायका रामीबाईला चुडा उतरव म्हणून सांगायला गेल्या, तर तिने त्यांना दारातूनच परत पाठवलं.

"जित्या माणसाचा चुडा उतरवू कायले?"

दोन वर्षं झाली. दर अवसेला ती देवळात जाते आणि ते टोक मुठीत धरून बसते. परवाच्या उन्हाळ्यात गुलाम नबी तिच्यासोबत गेला होता. पाऊस नव्हता, दव नव्हतं. त्याने भीत भीत हात लावला...

पटका घामाने ओला होता.