दोन टेबलांचा चहा

"अहो, ती ट्रॉली माझी आहे!"

"नाव कुठं लिहिलंय?"

पॅन्ट्रीच्या दारात एकाच ट्रॉलीला दोन बाजूंनी हात लागले होते. एक वसईच्या ॲव्हरिलचा. मस्कतच्या या हॉटेलात ती पार्ट्या, बैठका सांभाळायची. दुसरा गुहागरच्या धनंजयचा. शहराबाहेरच्या रुसैलमधल्या केटरिंग कंपनीनं त्याला या बैठकीपुरता हॉटेलला उसना दिला होता. तो हसला, आणि ॲव्हरिलनं — का कोण जाणे — ट्रॉली सोडून दिली.

बैठक होती पेरोला बेटाची. तिथल्या मूठभर मळेवाल्यांनी मायदेशाशी फारकत घेऊन आपलंच राज्य थाटलं होतं, आणि बाकीच्यांना साधं मत द्यायचीही मुभा नव्हती. सगळ्यांना मत मिळाल्याशिवाय त्या राज्याच्या स्वातंत्र्याला मान्यता नाही, यावर १९९६च्या त्या हिवाळ्यात घोळ चालला होता. मळेवाले आणि बाकीचे बेटवासी, दोन्ही पक्षांना एकमेकांचं तोंड बघायचं नव्हतं, म्हणून चहाची टेबलंही दोन, हॉलच्या दोन टोकांना, एक ॲव्हरिलकडे, एक धनंजयकडे. एकीकडे काजू आणि दुसरीकडे नुसती बिस्किटं असं झालं, तर तेवढ्यावरून सभा उठायची! म्हणून मॅनेजर हारूनसाहेबांचा हुकूम होता, की चहाआधी दोघांनी ताटं शेजारी ठेवून ताडून बघायची.

ताटं काय, मिनिटात जुळायची. ही दोघं मात्र जुळवतच बसायची.

"तुमच्या ताटात एक खजूर जास्त आहे," धनंजय म्हणायचा.

"मग खाऊन टाका."

"एकट्यानं? अर्धा तुम्ही घ्या. समान हक्क..."

एके दिवशी मळेवाले तावातावानं उठून गेले. बोलणी लांबणार म्हणून ॲव्हरिलला आनंदाच्या उकळ्या फुटल्या, आणि मग स्वतःचीच लाज वाटली. हॉलबाहेर बेटवासीयांकडची एक म्हातारी प्रतिनिधी डोळे पुसत बसली होती. जन्मात तिनं एकदाही मत दिलं नव्हतं. ॲव्हरिलनं तिला चहा नेऊन दिला. त्यानंतर 'लवकर मिटू दे' अशी प्रार्थना ती रोज मनापासून करायची, आणि मिटलं तर धनंजय जाणार म्हणून ताटं जुळवायला रोज जास्तच वेळ लावायची.

शेवटी मिटलं. सगळ्यांना मत, निवडणुकीची तारीखही ठरली. सगळे एकाच टेबलाभोवती गोळा झाले. ती म्हातारी एका मळेवाल्याला साखर किती घालू म्हणून विचारत होती.

"खलास!" हारूनसाहेब खुशीत म्हणाले. "अब एक ही टेबल बस है. धनंजय, चार की बस से रुसैल."

धनंजयनं एप्रन काढला. "शुक्रवारच्या सुट्टीत तुम्ही रुवीच्या चर्चला जाता ना? मी... रस्त्यापलीकडे थांबेन. नुसतं बघून जाईन."

ॲव्हरिल मस्कतमध्ये मॅक्सिम अंकलकडे राहायची, आणि अंकलनी तिच्यासाठी वसईचाच मुलगा हेरून ठेवला होता. घरात मतदान घेतलं असतं, तर धनंजयच्या बाजूनं एकच हात वर झाला असता, तिचा.

"रस्त्यापलीकडे नको," ती म्हणाली.

त्याचा चेहरा उतरला. "बरं..."

"आत ये. अंकलच्या देखत माझ्या शेजारी बस."

"अहो, दुपारच्या आत वसईला फोन जाईल!"

"जाऊ दे. मला तू आवडतोस, हे त्यांना कळायलाच हवं."

"पण मला तुमच्या प्रार्थना येत नाहीत," धनंजय म्हणाला.

"मग माझ्याकडे बघत बस," ॲव्हरिल म्हणाली, आणि स्वतःच लाजली.