दार उघडलं की थांबायचा

सांगतो, पण मधे बोलू नकोस. मी दिनानाथ, चाळीस वर्षं ट्रक हाकला. भुताबितांच्या गप्पांना भीक घालणारा माणूस नव्हे मी.

माझ्या प्राप्तीची हळद आठ दिवसांवर आलेली. घरात आम्ही दोघंच. तिचा भाऊ, माझा निकेत, गेल्या वर्षी वडखळच्या रस्त्यावर बाईक घसरून गेला. बहिणीच्या हळदीसाठी त्यानं इलेक्ट्रिक गिटारवर एक गाणं बसवायला घेतलं होतं. कॉम्प्युटरात अर्धं राहिलेलं. प्राप्ती म्हणाली, आहे तेवढंच वाजवू. ते पेनड्राइव्हवर घ्यायला मी भर दुपारी त्याच्या खोलीत शिरलो.

खरं सांगू, पोराचं वाजवणं मी कधी धड ऐकलंच नाही. नुसता ओरडायचो, ती टुणटुण बंद कर म्हणून. मग मी दार उघडलं की तो तारांवर पंजा ठेवायचा आणि गप्प बसायचा. 

गिटार खुर्चीला टेकलेली, वायर लावलेली, तशीच. पडद्यावर गाणं वाजवायचा त्रिकोण दाबायचा तर मी रेकॉर्डिंगचा लाल गोल दाबला. रेषा सरकायला लागली. पोराची शेवटची आठवण पुसली की काय, असं वाटलं. दार मागे आपटलं, तसाच मागच्या आवारात धावलो, प्राप्तीला हाक मारायला.

तिनं येऊन ते बंद केलं. जुनं शाबूत होतं, खाली एक नवी पट्टी उमटली होती. तिनं ती लावली. गिटार वाजत होती... निकेतनं सोडलं होतं तिथून पुढे. हळदीचा ठेका, त्याचीच लाडिक ओढ. आणि आम्ही दार ढकललं त्या क्षणाला तारांवर पंजा पडल्याचा आवाज. मग काहीच नाही.

बाहेरचा कसला तरी आवाज आला असेल, मी म्हणालो.

"बाबा, याला माइक नाही. हे फक्त तारा ऐकतं. आपण खोकलो तरी येत नाही."

आम्ही दोघंही रडलो. भीती कसली, मला तर पोर परत मिळालं होतं. मग रोज जेवलो की मी लाल गोल दाबायचो, दार ओढून घ्यायचो आणि आवारात सुकत्या मासळीच्या वासात बाहेरच्या ओट्यावर बसून राहायचो. तासाभरानं आत जाऊन ऐकायचं. गाणं रोज थोडं पुढे जायचं. शेवटचं कडवं तेवढं राहिलं.

पाचव्या दिवशी आम्हाला खरेदीला अलिबागला जायचं होतं. रेकॉर्डिंग चालू ठेवलं, घराला कुलूप घातलं, चावी माझ्या खिशात. म्हटलं, आज ओरडणारा बाप घरात नाही, पुरं करू दे त्याला.

परत आलो, कुलूप तसंच होतं. आत जाऊन ऐकलं. कडवं सुरू झालं, इतकं गोड की काय सांगू... आणि मधेच पंजा पडला. वेळ पाहिली. तेव्हा आम्ही अलिबागला साड्यांच्या दुकानात होतो.

"बाबा..." प्राप्ती अगदी हळू म्हणाली, "मग दार कुणी उघडलं?"

मी पुढे सरकवत गेलो. बराच वेळ शांत. मग एक तार वाजली. तीच एक, पुन्हा पुन्हा, जाड नखानं ओरबाडल्यासारखी. निकेतचा हात नव्हता तो. जो कोण होता, त्याला वाजवता येत नव्हतं...

तो शिकत होता.