जिच्या नावाची डहाळी

थोरली झाडपाला गोळा करायची. चाळीस वर्षं, स्वतःच्या पायांनी, कुठल्याही पदवीवाचून. धाकटी बहीण कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. शोधनिबंधावर नाव छापलं जायचं धाकटीचं, थोरलीचे आभार तळटीपेत. "तळटीप म्हणजे चपला काढायची जागा," थोरली म्हणायची.

जुन्या पोथीतल्या एका पूजेच्या वनस्पतीची खूण एवढीच होती: कापली तरी पाणी पिते. ती नेमकी कोणती, यावर पंडितांच्या तीन पिढ्या भांडल्या. दोघी बहिणींनाही ती हवी होती.

थोरलीला ती डोंगरापलीकडच्या खेड्यात सापडली. तिथल्या बायका वसंतात एका झुडपाची डहाळी शेजारणीचं नाव घेऊन तोडत आणि दिवस मावळायच्या आत तिच्या उंबऱ्यावर पाण्यात ठेवत.

"जिच्या नावानं तोडाल तिला द्या," वाट दाखवणारी म्हातारी म्हणाली. "घरी ठेवू नका, बाई."

"ठेवली तर?"

"कुणी ठेवलीच नाही अजून. आम्ही काय खुळ्या आहोत?"

थोरलीनं तोडली. ओठांवर नाव आलं धाकटीचं, आणि मनात आलं, बस आता तू तळटीपेत. घरी येताच तिनं डहाळी टिपकागदांत घालून फळ्यांखाली दाबली. झाडपाला वाळवणाऱ्याचा हात तो, त्याला दुसरं काय सुचणार!

सकाळी कागद ओलेचिंब होते. डहाळी हिरवीगार. रोज कागद बदलायचे, रोज ते पिळण्याइतके भिजायचे. पाचव्या दिवशी डहाळीला कळी आली, आणि मेव्हण्यांचा फोन आला.

"ताई, हिची तहानच भागत नाही. ओठ फुटलेत. डॉक्टरांना काही सापडत नाही."

थोरली काय ते समजली. समजूनही एक दिवस थांबली. पानं मोजली, नमुन्याच्या चिठ्ठीवर शोधणारी म्हणून स्वतःचं नाव ठसठशीत लिहिलं. मगच डहाळी रुमालात गुंडाळून निघाली. वाटेत घशाला कोरड पडली, ती तिनं उन्हाच्या माथी मारली.

धाकटी खाटेवर बसली होती. हाताची कातडी कागदासारखी चुरचुरत होती.

"आणलीस?"

"तुला कसं..."

धाकटीनं उशीखालून टिपकागदांची चळत ओढली. ओली. आत तशीच डहाळी, तशीच कळी.

"तुझ्यामागून दोन दिवसांनी गेले होते. म्हातारी म्हणाली, एक बाई येऊन गेली... मी ओळखलं, ताईच. तोडताना तुझंच नाव घेतलं गं."

थोरलीची जीभ टाळ्याला चिकटली.

"माझी मला दे," धाकटी पुटपुटली. "मग तुझी देते."

"आधी तू."

"थोरली ना तू? मन मोठं कर."

"मन मोठं करायचं आम्ही, आणि नाव मोठं व्हायचं तुझं?"

जी आधी देईल तिचा पुरावा गेला, हे दोघींना पक्कं ठाऊक होतं. दोघींनी आपापली डहाळी मांडीवर घट्ट धरली. मेव्हण्यांनी काचेचा जग भरून मधल्या स्टुलावर ठेवला.

"अहो, पाणी तरी घ्या..."

डहाळीवरचा हात कुणी काढेना. जगातलं पाणी मात्र बोटभर खाली गेलं. मग आणखी बोटभर. तळाशी घोटभर उरलं, तेव्हा मेव्हण्यांनी स्वतःच्या फुटलेल्या ओठांवरून जीभ फिरवली. त्यांच्या नावानं तर कुणी काहीच तोडलं नव्हतं.