बारा हुकांची बंडी

"घालून बघ."

अकरा महिन्यांच्या अबोल्यानंतर मास्तरांच्या तोंडून सुनेसाठी निघालेले हे पहिले दोन शब्द! उशीला टेकून, दोन्ही मांड्या जपून लांब सोडून बसलेल्या सुनेच्या पुढ्यात त्यांनी एक पांढरीशुभ्र सुती बंडी टाकली आणि लगेच खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, जणू त्या पडदा नीट करायलाच खोलीत आल्या होत्या. चहा घेऊन येणारा मास्तरांचा मुलगा दारातच थबकला. गेले वर्षभर एकाच घरातल्या दोन बायकांचे निरोप इकडून तिकडे पोचवून तो बिचारा मेटाकुटीला आला होता!

"छान आहे हो, आई," सून हलक्या आवाजात म्हणाली. तिचा हात त्या कापडावरून फिरला, आणि डोळे एकदम भरून आले...

मास्तर म्हणजे तिच्या सासूबाई. नाटक कंपनीच्या कपडेपटात चाळीस वर्षं मशीन चालवलेली बाई. शिवणाऱ्याला मास्तर म्हणायची तिथली रीत, ती बाईमाणसासाठी बदलायची कुणाला सुचलं नाही, आणि बदललेली त्यांना खपलीही नसती. त्यांची खासियत म्हणजे खोटी अंगं. हडकुळ्या नटाला राजाचं पोट द्यायचं, सरळ पाठीवर कुबड चढवायचं, काल लग्न झालेल्या नटीला नवव्या महिन्याचं अवघडलेपण द्यायचं, तर ते मास्तरांनीच. कापूस, मलमल आणि नाडी एवढ्या भांडवलावर त्या असं अंग उभं करीत की पहिल्या रांगेतल्या माणसालाही शंका येऊ नये!

सहा वर्षांपूर्वी सुनेच्या डाव्या स्तनात गाठ निघाली आणि तो स्तन काढावा लागला. ती घरी आल्यावर पंधराव्या दिवशी मास्तरांनी काही न विचारता, काही न बोलता तिच्या हातात एक छोटी उशी ठेवली. आत पिंजलेला कापूस, आणि खालच्या बाजूला मूठभर मोहरी, दुसऱ्या बाजूइतकंच वजन खाली ओढलं जावं म्हणून. सुनेने ती लावली, आरशात पाहिलं आणि सासूच्या गळ्यात पडून लहान मुलासारखी रडली. त्या दिवसापासून पाच वर्षं, कापूस दबला की नवी उशी, न मागता! मास्तरांना स्वतःची मुलगी नव्हती. त्या उशीत त्यांनी किती माया भरली होती ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

सून चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. अंधाऱ्या खोलीत दिवसभर पुढे वाकून, दुसऱ्याच्या चेहऱ्यापाशी चेहरा नेऊन करायचं ते काम. एक दिवस तिने ठरवलं की ऑपरेशन करून नवा स्तन घडवून घ्यायचा. नवऱ्याला सांगितलं. सासूला मात्र सांगायचा धीर झाला नाही, आणि मास्तरांना कळलं ते थेट दारात भरलेली बॅग दिसली तेव्हा.

"माझ्या कामात खोट होती तर तोंडावर सांगायचंस!" एवढंच त्या म्हणाल्या. आणि मग जो अबोला धरला तो धरला.

पहिल्या ऑपरेशनमध्ये आत एक सिलिकॉनची पिशवी बसवली गेली, पण तिच्या वर कातडी थेट बरगड्यांना चिकटून खळगा राहिला. तो भरण्यासाठी आता पाच दिवसांपूर्वी दुसरं, छोटं ऑपरेशन झालं होतं. तिच्याच मांड्यांतली चरबी बारीक नळीने ओढून घेतली, स्वच्छ केली आणि थेंबाथेंबाने छातीत पेरली. मांड्या काळ्यानिळ्या झाल्या होत्या, त्यांच्यावर घट्ट इलॅस्टिकची विजार. छातीवर मात्र नुसता सैल सदरा!

चार दिवस मास्तर येता-जाता दारातून हे पाहत होत्या आणि त्यांचा जीव खालीवर होत होता. खाली एवढा बंदोबस्त आणि वर सगळं वाऱ्यावर? भराव घातला की तो आवळून बांधायचा, नाहीतर तो सरकतो, गोळा होतो, हे तर कपडेपटातलं शेंबडं पोरही सांगेल! सुनेच्या चेहऱ्यावरची वेदना त्यांना बघवेना. पाचव्या दिवशी राग गिळून त्या मशीनवर बसल्या आणि संध्याकाळपर्यंत बंडी तयार झाली, दुहेरी कापडाची, पुढे बारा हुकांची. जुन्या मापाच्या वहीत सुनेचं माप होतं, ते त्यांनी अर्धा इंच आत घेतलं. आधार मिळायला हवा ना!

"कशी बसली?" खिडकीकडे बघतच त्यांनी विचारलं.

शेवटचा हूक लावताना सुनेने ओठ दातांखाली धरला होता.

"अगदी अंगाबरोबर, आई."

ते दोन दिवस घरात केवढं चैतन्य होतं म्हणून सांगू! मास्तर बोलत होत्या. डाळिंबं महागली इथपासून ते कंपनीतल्या नव्या मदतनिसाला नटाच्या दोन खांद्यांतला फरक दिसत नाही इथपर्यंत त्या सारं काही सुनेला सांगत होत्या, आणि ती श्वास रोखून, हसून, हूं हूं म्हणत ऐकत होती. श्वास का रोखते आहे हे मात्र कुणाला दिसलं नाही.

सातव्या दिवशी तपासणी होती. मुलगा लिफ्ट दुरुस्त करणारा. नेमकं त्याच सकाळी कुठल्याशा इमारतीत चार माणसं लिफ्टमध्ये अडकली. मास्तरांनी पायांत चपला सरकवल्या आणि सुनेबरोबर निघाल्या.

डॉक्टरीणबाईंनी एकेक करून बारा हूक काढले, आणि त्यांचा चेहरा बदलला. छातीच्या वरच्या भागावर, नेमकं जिथे चरबी भरली होती तिथे, शिवण आडवी रुतून जांभळी रेघ उमटली होती.

"हे घालायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

"मीच आणली," सून खाली बघत म्हणाली. "दुकानातून."

कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेल्या मास्तरांना आधी, खरं सांगायचं तर, रागच आला. दुकानातून? असे हूक कुठल्या दुकानात लावून मिळतात! पण डॉक्टरीणबाई पुढे बोलू लागल्या आणि मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं.

"तुम्हाला दिलेल्या कागदावर पहिलीच ओळ आहे, छातीवर जरासुद्धा दाब नको. अहो, मांडीतून काढलं तेव्हाच त्या चरबीचा रक्तपुरवठा तुटला. आत्ता ती नुसती आजूबाजूच्या ओलाव्यावर तग धरून आहे. मग शेजारच्या रक्तवाहिन्यांना केसाहून बारीक फांद्या फुटतात, त्या वाट काढत तिथवर येतात. पोचल्या तर ती जगते. नाहीतर अंग तिला जिरवून टाकतं. एवढं आवळल्यावर वाट राहील का त्यांना?"



"त्यांना कोण सांगतं?" मास्तरांनी एकदम विचारलं.

"कुणाला, आजी?"

"त्या फांद्यांना. कुठे जायचं ते."

डॉक्टरीणबाईंच्या आवाजातला कडकपणा निवळला. "भुकेल्या पेशी निरोप धाडतात म्हणा ना. पुस्तकात बरंच लिहिलंय. पण इतकी वर्षं झाली, दर वेळी मला नवलच वाटतं."

चाळीस वर्षं मास्तरांनी अंगं घडवली होती, पण त्यांच्या एकाही भरावाने कधी कुणाला निरोप धाडला नव्हता! आणि इथे, या पोरीच्या कातडीआड, सुईदोऱ्यावाचून, कुणाचाही हात न लागता, कसलं तरी अगाध विणकाम चालू होतं... आणि त्याच्यावर आपण बारा हूक आवळले होते.

"पुन्हा भरता येईल?" त्यांनी विचारलं.

"कुठून? मुळात यांच्या अंगावर मांस किती! मांड्यांत घेण्यासारखं आता काही उरलेलं नाही. तीन महिने थांबायचं, आणि काय राहतं ते बघायचं."

मास्तर उठून उभ्या राहिल्या. शाळेत चूक कबूल करणाऱ्या मुलीसारखे त्यांचे दोन्ही हात पुढे जुळले होते.

"ती बंडी दुकानातली नाही. मी शिवली. तिला बोलू नका."

बाहेरच्या बाकावर दोघी शेजारी बसल्या. समोरून माणसं जात-येत होती. मास्तरांना कुणी दिसत नव्हतं.

"तो कागद तू वाचला होतास?"

"हो, आई."

"दाब द्यायचा नाही, हे ठाऊक होतं?"

"हो."

"मग तोंड शिवलं होतं का गं तुझं? दोन दिवस! दोन दिवस तू ती..."

"तुम्ही अकरा महिन्यांनी बोललात, आई," सून म्हणाली आणि इतके दिवस अडवलेलं पाणी डोळ्यांतून वाहू लागलं. "नको म्हटलं असतं तर तुम्ही पुन्हा गप्प झाला असतात. ते मला नसतं सोसलं. आणि तुमच्या हातचं मी नको कशी म्हणू? पाच वर्षं रोज सकाळी माझी उशी तुम्ही गरम इस्त्रीशेजारी ठेवायचात, मला ती गार लागू नये म्हणून. तुम्हाला वाटायचं मला कळत नाही..."

मास्तरांच्या काळजाचं पाणी पाणी झालं. हे गुपित त्यांनी पोटच्या पोरालाही कळू दिलं नव्हतं!

"मग सोडलीस का ती?" हा प्रश्न वर्षभर त्यांच्या छातीत सलत होता. "काय चुकलं होतं माझं?"

"काही नाही हो. उशीत तसूभर खोट नव्हती. पण झोपताना ती काढून ठेवावी लागायची, आई. रोज. आणि ती काढली की मला रोज नव्याने कळायचं... मला फक्त काढून ठेवावं लागणार नाही असं काहीतरी हवं होतं."

एवढंच? एवढं साधं? मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला.

"हे तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुमचं मन मोडेल म्हणून."

"आणि न बोलून ते शाबूत राहिलं होय? दोघी एक नंबरच्या मठ्ठ आहोत आपण!" असं म्हणून मास्तरांनी सुनेचं डोकं खांद्यावर घेतलं, आणि लगेच दचकून, छाती दबेल म्हणून, वीतभर लांब धरलं. त्या घाबरगुंडीचं दोघींनाही रडता रडता हसू फुटलं.

त्यानंतरचे तीन महिने मास्तरांनी डोळ्यांत तेल घालून पहारा केला. भेटायला आलेली मावशी मिठी मारायला पुढे झाली की "लांबून, लांबून!" असा दारातूनच पुकारा व्हायचा. रस्त्यात त्या कोपर बाहेर काढून सुनेच्या डाव्या बाजूने चालायच्या आणि धक्का देणाऱ्याला अशा नजरेने बघायच्या की तो माफी मागूनच पुढे जाई. एकीकडे अपराधाची बोच होती, आणि तरीही एक अपार कुतूहल त्यांना वेढून राहिलं होतं. सून सदरा घालून खुर्चीत शांत वाचत बसलेली असायची आणि मास्तर हातातलं काज तसंच अर्धवट ठेवून तिच्याकडे टक लावून बघत राहायच्या. आत्ता, या घटकेला, आत काय चाललं असेल! किती फांद्या पोचल्या असतील? कंपनीत मदतनिसांवर डाफरणाऱ्या या बाईला मनातल्या मनात कुणापुढे तरी हात जोडावेसे वाटत, पण नेमके कुणापुढे, ते कळत नसे.

तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं. शिवण रुतली होती तिथे बोटभर खळी राहिली होती. तिथलं जिरलं, त्या म्हणाल्या, ते काही परत येणार नाही. पण बाकीचं रुजलं. बाकीचं सगळं छान रुजलं!

घरी आल्यावर, दुपारी, सुनेने खोलीतून हाक मारली.

ती पलंगाच्या कडेवर बसली होती. सदऱ्याची बटणं सोडलेली होती.

"आई, हात लावून बघता?"

मास्तर उंबऱ्यातच खिळल्या. हजारो अंगांची मापं त्यांनी घेतली होती, पण सहा वर्षांत या एका जागेला त्यांनी कधी हात लावला नव्हता. "मी? अगं, माझ्याच हातांनी तर ते..."

"मला तिथे काही कळत नाही हो," सून म्हणाली. "जखमा भरल्या, पण जाणीव नाही परत आली. बोट लावलं तरी दुसऱ्याच कुणाला लावल्यासारखं वाटतं. हे घाबरतात, दुखेल म्हणून हातच लावत नाहीत. डॉक्टर म्हणतात छान आहे. पण छान म्हणजे कसं? माझंच आहे, आणि मलाच ठाऊक नाही. तुम्हाला बोटांनी कळतं, आई. तुम्ही मला सांगा ना..."

मास्तरांनी हात धुतले, पुसले, पुन्हा पुसले. मग तिच्याशेजारी बसून चार बोटं त्यांनी अलगद टेकवली.

"मऊ आहे," त्या म्हणाल्या. "पण कापसासारखं नाही गं, कापूस दाबला की दबून राहतो. हे परत वर येतं... वरून उतरताना आधी सपाट लागतं, मग हळूहळू भरत जातं. इथे खळी आहे. ही माझी." त्यांचं बोट तिथे घुटमळलं. सुनेने त्या हातावर आपला हात ठेवला, आणि तो पुढे सरकवला.

"आणि इथे?"

"इथे..." मास्तरांची बोटं थांबली. बोटांखाली, खोल, पण अगदी स्पष्ट, काहीतरी उसळत होतं, थांबत होतं, पुन्हा उसळत होतं. "इथे ठोका लागतोय, पोरी! माझ्या हातून असलं कधी झालं नसतं... सात जन्मांत झालं नसतं!"

सुनेने डोळे मिटले. गालांवरून आसवं ओघळत होती, ती तिने पुसली नाहीत.

"अजून सांगा," ती म्हणाली.

आणि मास्तर बोट बोट पुढे सरकत तिला सांगत राहिल्या.