माशाच्या पोटातला पाहुणा

"पुन्हा नुसतं कातडं आणि काटे!" आमादेऊमामाने भलामोठा मासा धक्क्यावर आपटला. "हे त्या ओरासिओचंच काम! माझी गळाची दोरी उपसतो आणि माशाचं मांस कापून नेतो!"

बारा वर्षांच्या डेल्फिनाचा चेहरा पडला. ओरासिओआजोबांची नात इल्डा तिची जिवलग मैत्रीण. मामाने तिच्याशी बोलायलाही बंदी केली होती. पिकू बेटावरची अख्खी सुट्टी वाया जाणार!

मामा तणतणत निघून गेला, तशी इल्डा होडीआडून पुढे आली. डेल्फिनाचा धाकटा भाऊ बेंतू माशाजवळ उकिडवा बसला होता.

"सुरीची खूण कुठाय?" इल्डा म्हणाली. "पोटाला नुसतं गोल भोक आहे."

"आजोबांनी बोटाने कोरलं असेल!" बेंतू म्हणाला.

"गप रे, टोणग्या!" डेल्फिनाने माशाला हात लावला आणि ती किंचाळलीच. मासा आतून हलत होता!

भोकातून आधी एक बोथट नाक आलं. मग तपकिरी, बुळबुळीत, सापासारखी हातभर लांब वाम. मागोमाग दुसरी! तिसरी!

"खोल पाण्यातली वाम!" इल्डा ओरडली. "आजोबा सांगतात ना, गळाला लागलेला मासा जास्त वेळ लटकला, की ही आत शिरून त्याला पोखरते. तुझा मामा ऐकूनच घेत नाही."

"जास्त वेळ?" डेल्फिनाचे डोळे चमकले. मामा पहाटे समुद्रात दोरी सोडून यायचा. ती दोरी अकराला उपसायची असे. पण गुत्त्यात डोमिनोचा डाव रंगला, की एक कधी वाजला ते त्याला कळायचंच नाही!

वामी बघून मामा खो खो हसला. "एवढीशी वाम एवढा मासा खाते होय? जा, खेळा!"

दुसऱ्या दिवशी डाव ऐन रंगात असताना डेल्फिनाच्या हातून सोंगट्यांची पेटी 'चुकून' सांडली. सगळे टेबलाखाली वाकले आणि बेंतूने स्टुलावर चढून भिंतीवरचं घड्याळ दोन तास पुढे केलं.

"अरे बापरे, एक वाजला!" थोड्या वेळाने मामा धावत सुटला.

इल्डासह तिघं धक्क्यावर वाट बघत होती. होडी परतली ती काठोकाठ भरून. टपोरे, अखंड मासे! एकालाही भोक नाही! मामा डोकं खाजवत असतानाच चर्चची घंटा वाजू लागली. त्याने ठोके मोजले.

"बारा? मग मघाशी एक कसा वाजला?"

बेंतू फिस्सकन हसला. मामाने आळीपाळीने तिघांकडे पाहिलं, मग माशांकडे. त्याचे कान लाल झाले. त्याने सगळ्यांत मोठा मासा खांद्यावर टाकला आणि थेट ओरासिओआजोबांचं दार ठोठावलं.

"ओरासिओकाका, चुकलो. चोर तुम्ही नव्हता. माझा आळस होता."

"कळलं ना? बस झालं. ये आत!" आजोबांनी चुलीवर मोठं पातेलं चढवलं. "आधी या तिघांना वाढायचं. वीस वर्षांत मला जमलं नाही, ते या पोरांनी करून दाखवलं. तुला वेळेवर समुद्रावर धाडलं!"