कूलरवरचा नंबर

"हेरगिरी करायची तर भर उन्हात. मोठी माणसं तेव्हा घराबाहेर पडतच नाहीत," असं संघपालचं म्हणणं होतं. म्हणून मे महिन्यातल्या दुपारी एक वाजता, तोंडाला दुपट्टे गुंडाळून, तो, त्याची धाकटी बहीण माया आणि त्याच्या वर्गातली वैभवी सक्करदऱ्याच्या गल्ल्यांतून सायकली हाणत होती.

कोडं मोठं अजब होतं. वैभवीचे आजोबा, म्हणजे दादाजी, कूलर दुरुस्त करायचे. दुरुस्त केलेल्या प्रत्येक कूलरच्या पाठीवर ते लाल रंगाने आपला फोन नंबर लिहून ठेवत. नागपूरचा मे म्हणजे त्यांना जेवायचीही फुरसत नसायची. आणि यंदा आठ दिवसांत फोन एकदाही वाजला नव्हता! लोकांनी एसी घेतले असतील, असं वैभवीच्या बाबांनी पेपरातून मान वर न करताच सांगून टाकलं. दादाजींनी मात्र ते मनाला लावून घेतलं. लोकांना आता म्हातारा नकोसा झाला, असं समजून सोमवारी ते अवजारांची पेटी विकणार होते.

कुणीतरी नंबर खोडतंय, असा संघपालला दाट संशय होता. पण दादाजींच्या जुन्या गिऱ्हाईक पंचफुलाबाईंच्या खिडकीतल्या कूलरवर नंबर चांगला ठळक होता. कूलर मात्र बंद! पंचफुलाबाई पुठ्ठ्याने वारा घेत बसल्या होत्या.

"तीन दिवसांपासून फोन लावून राहिली मी," त्या म्हणाल्या. "लागतच नाही वं. दादाजी गावाले गेले काय?"

संघपालने वैभवीपुढे हात केला. "तुझा फोन दे. आपणच लावून पाहू."

वैभवीने फोन घट्ट धरून ठेवला. तिचा पहिलावहिला स्मार्टफोन होता तो. बाबांनी छोट्या रिचार्जपुरते पैसे दिले होते, पण तिला रोज दोन जीबीवालाच हवा होता. मग तिने दादाजींना पटवलं, की बटणाच्या फोनला रिचार्ज कशाला, इनकमिंग तर फुकटच असतं. त्यांनी आपल्या रिचार्जचे पैसे मुकाट्याने तिच्या हातावर ठेवले. तोवर तिलाही खरंच तसं वाटत होतं. पण नंतर दादाजींच्या फोनवर मेसेज आला. बारीक अक्षर त्यांना दिसत नसे, म्हणून मेसेज वाचून दाखवायचं काम तिचं. 'रिचार्ज करा, नाहीतर इनकमिंग बंद होईल.' तिने वाचला, पुसला आणि जाहिरात आहे म्हणून सांगितलं. कंपन्या अशा धमक्या देतच असतात, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

संघपालने फोन तिच्या हातून घेतला आणि नंबर लावला. या क्रमांकावर इनकमिंग सेवा उपलब्ध नाही, असं एक बाई गोड आवाजात सांगू लागली. माया टाळ्या पिटत ओरडली, "सापडला चोर! रिचार्जच संपला!"

वैभवीला हसता येईना. तिचा फोन दुपारीच मान टाकायचा, म्हणून तिने पॉवर बँकसाठी पैसे साठवले होते. तडक दुकानात जाऊन तिने त्यातून दादाजींचा रिचार्ज केला.

संध्याकाळपर्यंत बटणाचा फोन सात वेळा वाजला. दादाजी अंगणात सगळ्यांना सांगत सुटले, "माह्या नातीनं फॉल्ट शोधून काढला!" बाबांनीही पेपर बाजूला ठेवून पाठ थोपटली. त्या शाबासकीने तिचा जीव नकोसा झाला.

"तो मेसेज जाहिरातीचा नव्हता, दादाजी," ती कशीबशी म्हणाली. "रिचार्जचाच होता. मी तो पुसला."

दादाजी अवजारांच्या पेटीच्या कडीशी चाळा करू लागले.

"आठ दिवस मले झोप नाही लागली, पोरी," ते म्हणाले. "वाटलं, लोकायले मी नकोसा झालो."

वैभवीला रडू फुटलं. इतक्यात फोन पुन्हा वाजला. दादाजींनी तो उचलला नाही, तिच्यापुढे धरला.

"घे. समोरचा काय बोलते, ते पुरं सांग मले."

तिचा स्मार्टफोन केव्हाच बंद पडला होता. तिने डोळे पुसले आणि बटण दाबलं.

"हॅलो, दादाजी कूलरवाले. बोला."