सांभाळणाऱ्याची संमती

ज्यांना विश्वास ठेवायचा नाही त्यांनी खुशाल ठेवू नये. पहिले काही महिने मीही ठेवला नव्हता. पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलं. मी प्यायलेलो नव्हतो, झोपेत नव्हतो, आणि रात्रही नव्हती.

गुरुवार, १७ जानेवारी २०१९. दुपारचे सव्वातीन. जर्मनीतलं मारबुर्ग गाव, चढावरच्या गल्लीतला दुसरा मजला. बाहेर चक्क ऊन पडलं होतं.

माझं नाव टॉर्बेन. जगभरातले आम्ही हजारेक लोक मिळून एक संगणकप्रणाली चालवतो. कुणीही घ्यावी, फुकट वापरावी. तिच्यात हजारो छोटे प्रोग्राम असतात, आम्ही त्यांना पॅकेज म्हणतो. प्रत्येक पॅकेजला एक सांभाळणारा असतो. पगार नाही, काही नाही. मोडलं की दुरुस्त करायचं, एवढंच.

फोल्कमार असाच एक सांभाळणारा. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेला, सदुसष्ट वर्षांचा, लग्न न केलेला. थोरली बहीण रोसविथा आणि तो एकत्र राहायचे.

रोसविथा जन्मापासून आंधळ्या.

फोल्कमारच्या पॅकेजचं नाव ट्युप्फेल. म्हणजे ठिपका. ब्रेल छापायची जुनी यंत्रं त्यावर चालायची. कागदावर ठिपके उठवणारी, खटखट आवाज करणारी ती जड यंत्रं. ट्युप्फेल मुळात ज्याने लिहिलं तो माणूस नऊ वर्षांपासून कुणाच्याच पत्राला उत्तर देत नव्हता. ते एकट्या फोल्कमारने तगवून धरलं होतं. पॅकेज त्याच्याकडे होतं त्याला एकवीस वर्षं झाली होती.

मला हे काम त्यानेच शिकवलं. सहा वर्षं दर पंधरवड्याला मी त्यांच्याकडे जायचो. तो पाव आणि 'आले वुर्स्ट' नावाचं इकडचं सुकवलेलं सॉसेज कापून ठेवायचा आणि माझ्या कोडमधल्या चुका काढून हसायचा.

"हे तू लिहिलंस की तुझ्या मांजरीने?"

असा माणूस.

त्याआधीच्या ऑक्टोबरमध्ये भांडण पेटलं. ट्युप्फेल ज्या जुन्या लायब्ररीवर, म्हणजे तयार कोडच्या संचावर उभं होतं, ती लायब्ररीच काढून टाकायचं ठरत होतं. तिच्यात सुरक्षेची भोकं पडली होती आणि बुजवायला कुणी नव्हतं. नव्या आवृत्तीचं काम बघणारी मारित ऑनलाइन बैठकीत म्हणाली, "फोल्कमार, तुझं पॅकेज फक्त अकरा मशीनवर आहे. अकरा! त्यासाठी सगळ्यांना अडवून धरायचं?"

"अकरा मोजलेत," फोल्कमार म्हणाला. "जे मोजू देत नाहीत, त्यांचं काय?"

"तुझ्याकडे त्यांची यादी आहे का?"

"एक माझ्या स्वयंपाकघरात बसलीय. बोलावू?"

सगळे हसले. मारितही हसली. पण ती पुढे म्हणाली, "ते भावनेचं झालं. कोड नव्या लायब्ररीवर आणून दे, मी एक शब्द बोलणार नाही. तीस नोव्हेंबरपर्यंत."

मारितचं काही चुकत नव्हतं, हे मला आजही मान्य आहे. तिची माणसं थकली होती.

फोल्कमारला नोव्हेंबरच्या मध्यावर हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी दवाखान्यात जायचं होतं. आदल्या संध्याकाळी तो मला म्हणाला, "दोन आठवड्यांचं काम आहे. माझ्याच्याने व्हायचं नाही आता. तू करशील?"

"मी आहे ना," मी म्हणालो.

रोसविथांनी माझा हात चाचपून धरला. "बघ हं. हे गेलं तर माझ्या गायनमंडळाचे कागद कोण छापणार?"

"रोसविथा, मी शब्द देतो."

आणि मी काहीच केलं नाही.

कारण सांगायला लाज वाटते. मारितच्या गटात एक जागा रिकामी झाली होती. मला ती हवी होती. एकदा तिने विचारलं, "त्या ट्युप्फेलचं तूच काय ते मिटवशील का? तुझं ऐकतो तो."

बावीस नोव्हेंबरला मी स्वतःच्या नावाने विनंती लिहिली. पॅकेज काढून टाकावं. खाली एक ओळ जोडली, म्हणजे कुणी प्रश्न विचारणार नाही.

'सांभाळणाऱ्याची संमती आहे.'

मी फोल्कमारला विचारलंही नव्हतं.

त्या विनंतीची प्रत नियमाप्रमाणे आपोआप सांभाळणाऱ्याला जाते. तो दवाखान्यात होता, पण फोन त्याच्या उशाशी असायचा. त्याने ती वाचली की नाही, मला माहीत नाही. उत्तर आलं नाही.

चार दिवसांनी तो गेला.

दफनाच्या वेळी रोसविथांनी विचारलं, "ट्युप्फेल राहिलं ना रे?"

मी म्हणालो, "लोकांनी काढलं. मी खूप भांडलो."

त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला. "माहीत आहे मला. तू भांडलाच असशील."

जानेवारीत त्यांचा फोन आला. संगणकाने नवी आवृत्ती घेतली, आणि तेव्हापासून यंत्र गप्प आहे.

मी गेलो. ट्युप्फेल पुसलं गेलं होतं, दुसरं काही नव्हतं. खरं सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मी म्हणालो, "यंत्रच गेलंय. मी घेऊन जातो, भंगारात टाकतो. नवीन बघू."

"त्याने परवापरवापर्यंत तेल घातलं होतं त्याला," त्या हळूच म्हणाल्या. मग कॉफी करायला गेल्या.

मी यंत्राची वायर भिंतीतून काढली. संगणकाला जोडणारी केबलही काढली आणि पिशवीत टाकली. यंत्र आतल्या खोलीत, टेबलावर. वायर गुंडाळत मी स्वयंपाकघरात येऊन बसलो.

त्या घरात एक आवाज कायम असायचा. खाली रस्ता ओलांडायच्या सिग्नलची टिकटिक. आंधळ्यांना कळावं म्हणून ती सतत चालू असते. आमच्या गावात आंधळ्यांची मोठी शाळा आहे, तिथे ती कुणाला ऐकूसुद्धा येत नाही, इतकी सवयीची.

त्या दिवशी मला ती ऐकू आली...

कारण ती थांबली.

मग रस्त्यावरचा आवाज थांबला. गाड्या, पोरं, सगळं. खिडकीतून दिसत होतं, खाली बस चालली होती. पण आवाज नव्हता.

रोसविथांच्या हातातली किटली तशीच राहिली. त्यांनी मान वळवली.

आणि आतल्या खोलीतून...

खट.

एकच.

मग पुन्हा. खट. खटखट. खट.

रोसविथांचा चेहरा उजळला. "अरे, सुरू झालं की! मी म्हणत नव्हते, तुझ्या हाताला गुण आहे!"



यंत्राची वायर माझ्या हातात होती.

रोसविथा भिंतीला हात लावत आत निघाल्या. "रोसविथा, थांबा," असं मी म्हणालो असेन. त्या थांबल्या नाहीत.

यंत्राचा दिवा बंद होता. कागद मात्र पुढे सरकत होता, ओळीमागून ओळ. दोन पानं झाली. तिसरं अर्ध्यावर आलं... आणि यंत्र थांबलं.

खाली टिकटिक पुन्हा सुरू झाली.

रोसविथांनी पहिलं पान ओढून घेतलं आणि उभ्या उभ्याच बोटं फिरवली. त्या हसत होत्या. मग हसू ओठांवरच राहिलं, पण चेहऱ्यातून निघून गेलं.

"बावीस नोव्हेंबर," त्या म्हणाल्या. "इथे तुझं नाव आहे, टॉर्बेन."



"'सांभाळणाऱ्याची संमती आहे.'" त्यांनी ती ओळ दोनदा बोटाखालून घेतली. "हे कुणी लिहिलं?"

"रोसविथा..."

"मी विचारतेय, हे कुणी लिहिलं?"

"मी."

"त्याला विचारलं होतंस?"

"नाही."

त्यांनी दुसरं पान वाचलं. मनातल्या मनात. खूप वेळ लागला. वाचून झाल्यावर घडी घातली आणि झग्याच्या खिशात ठेवली.

"त्यात काय आहे?"

"ते माझं आहे." मग त्यांनी तिसऱ्या, अर्ध्या पानावर बोटं ठेवली. पहिल्या शब्दावरच थांबून पान माझ्याकडे धरलं. "हे तुझं. घे."

"काय लिहिलंय?"

"वाच की."

"मला ब्रेल येत नाही."

स्वयंपाकघरात कॉफी उतू जात होती.

"सहा वर्षं माझ्या टेबलावर जेवलास," त्या म्हणाल्या. "सहा ठिपके असतात रे. सहाच. नाही शिकलास?"

आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं.

"यंत्र राहू दे," त्या म्हणाल्या. "तू जा."

त्या माझ्याशी बोलल्या ते तेवढंच. पुढे कधी फोन उचलला नाही.

त्याच संध्याकाळी मी सगळ्यांना पत्र लिहिलं. संमती खोटी होती, ती मी लिहिली, पॅकेज परत घ्या. दोघातिघांनी उत्तर दिलं की तारीख तर कधीच उलटली, नियमाप्रमाणे ते जाणारच होतं. मारितने वेगळा फोन केला.

"मला अंदाज होता," ती म्हणाली.

"मग विचारलं का नाहीस?"

"तू लिहिलं होतंस ना. मला तेवढं पुरे होतं." थोडं थांबून म्हणाली, "ती जागा आम्ही दुसऱ्याला दिली. आपल्या माणसाशी असं वागणारा नको, असं ठरलं."

 

यंत्राविषयी मी खूप विचार केला. त्याच्यात स्वतःची थोडी मेमरी असते, काही ओळी आत अडकून राहतात, हे खरं आहे. पण विजेशिवाय? आणि माझी विनंती त्या घरातल्या संगणकावर कधी आलीच नव्हती, हे मी नंतर तपासलं.

ते अर्धं पान माझ्याकडे आहे. ठिपके दबू नयेत म्हणून पुठ्ठ्याच्या डब्यात ठेवलंय. एकदा ब्रेल अक्षरांचा तक्ता समोर घेऊन बसलो होतो. पहिला शब्द लागला.

टॉर्बेन.

पुढचं ब्रेलच्या लघुलिपीत, शब्द आखडून लिहिलेलं आहे, ते तक्त्याने लागत नाही. या गावात कुणीही वाचून देईल. बसथांब्यावर उभ्या असलेल्या कुणालाही विचारलं तरी दोन मिनिटांचं काम.

मी विचारलेलं नाही.

मला माहीत असलेला फोल्कमार रागावला असता तर चार शिव्या देऊन मोकळा झाला असता. मला भीती रागाची नाही. त्याने मला माफ केलं असेल, तर ते मी कसं वाचू?

डबा वर्षातून एकदा उघडतो. ओळी मोजतो आणि बंद करतो. पहिल्या वर्षी नऊ होत्या. दुसऱ्या वर्षीही नऊ.

गेल्या रविवारी उघडला.

दोनदा मोजल्या. मग खिडकीपाशी नेऊन, बोटाने एकेक ओळ धरून तिसऱ्यांदा मोजल्या...

अकरा आहेत.

आणि शेवटची ओळ अजून पुरी झालेली नाही.